वृत्तमाध्यमे आणि व्यसनाधीन व्यक्तीची प्रतिमा : एक चिकित्सा

व्यसनाधीनतेविषयीचे सर्वसामान्यांचे आकलन बऱ्याच अंशी वृत्तमाध्यमांतून घडते. म्हणून माध्यमे व्यसनी व्यक्तीला कोणत्या भूमिकेत उभी करतात, हा सामाजिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

मराठी बातम्यांत रूढ झालेला 'गर्दुल्ला' हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. 'गर्द ओढणारा' एवढाच त्याचा वाच्यार्थ. परंतु चोरी-हाणामारीच्या बातम्यांतून वारंवार आल्याने तो गुन्हेगाराचा पर्याय बनला. 'रुग्ण' हा शब्द तेथे क्वचितच आढळतो.

२०२० साली अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर अनेक वृत्तवाहिन्यांनी अमली पदार्थांचा विषय आठवडेच्या आठवडे चालविला. चौकशीस जाणाऱ्या कलावंतांच्या मोटारींचा पाठलाग झाला, खासगी संदेश पडद्यावर झळकले. मात्र अवलंबित्व म्हणजे काय आणि उपचार कोठे मिळतात, या प्रश्नांना फारसे स्थान मिळाले नाही. अशा 'माध्यम-खटल्यां'मुळे न्यायप्रक्रियेत बाधा येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजीच्या निकालात स्पष्ट केले. रुग्णांविषयीच्या गैरसमजाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

वास्तवाचे प्रमाण याहून निराळे आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र शासनासाठी केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यसेवन करतात. भांग-गांजा यांचे सेवन करणारे सुमारे ३.१ कोटी, तर अफूजन्य पदार्थांचे सुमारे २.२६ कोटी आहेत. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकास काही ना काही उपचार मिळतात. घरोघरीचे हे दुखणे पडद्यावर दिसत नाही; दिसतो तो तारकांचा गांजा.

अमली पदार्थांची तस्करी हा गुन्हा आहे व तो उघडकीस आणणे हे पत्रकारितेचे कर्तव्यच होय. तथापि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक मर्यादेत खटल्यापासून संरक्षण देते. कायद्याला दिसणारा हा भेद बातमीत पुसला जातो.

तो भेद जपणारे लेखन मराठीत झालेले आहे. अनिल अवचट यांनी 'गर्द'मध्ये व्यसनी तरुणांबरोबर त्यांच्या कुटुंबांची होरपळही मांडली. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले.

सारांश, बातमी अटकेपाशी थांबली की वाचकाच्या मनात भय व तिरस्कार उरतो आणि रुग्णाचे कुटुंब दुखणे लपविते. तीच बातमी उपचारापर्यंत पोहोचली, तर लपविण्याचे कारण कमी होते. वृत्तांकनाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे.