मित्राला मत होते काय?

प्रस्थापित मराठी साहित्याने समलिंगी माणसाला जागा दिली. पण ती कोणती? विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील सुमित्रा एका मुलीवर प्रेम करते आणि अखेर आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरीत भाऊ-बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. बहिणीचे दुःख घराला कळते, भावाचे मुकेच राहते. या कृतींचे मोल मी नाकारीत नाही. पण दोन्हीकडे दुःख खाजगीच राहते. त्याची मागणी होत नाही.

‘मित्रा’विषयी वर्गात बोलत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, हिने न्याय मागायचा कोणाकडे?’ समीक्षेने विचारायला हवा होता तो हाच प्रश्न. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ती पदवी कुणाच्या सहानुभूतीने मिळाली नाही, हक्काने मिळाली. दलित साहित्याने शिकवले ते हेच की, दुःखाला व्यवस्थेचे नाव दिल्याशिवाय ते हटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क नाकारून त्याने हा प्रश्न कायदेमंडळाकडे सोपविला. म्हणजे तो मतदाराच्या दारात आला. कायदेमंडळाचा अनुभव काय? २०१५ साली कलम ३७७ बदलण्यासाठी शशी थरूर यांनी आणलेले विधेयक लोकसभेने ७१ विरुद्ध २४ मतांनी मांडूच दिले नाही. बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी २०२२ साली समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचविली. ते विधेयक पारित झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच संपले.

मग मूठभरांनी मतपेटीवर विश्वास का ठेवावा? १९३० साली काळाराम मंदिराचा दरवाजा नाशिककरांच्या मतास टाकला असता, तर तो उघडला असता काय? हक्क बहुमताची भीक नव्हे, हे खरेच. पण कायदा संसदेतच होतो, हेही तितकेच खरे. हिंदू कोड बिल अडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. निवडणुकीनंतरच्या संसदेने १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर केले. थोड्यांचे मत इतरांच्या मताशी जोडले गेले, तरच त्याची दखल घेतली जाते.

ते जोडण्याची जबाबदारी आपलीही आहे. आपल्यातले काहीजण ‘ही श्रीमंतांची चैन’ म्हणून मोकळे होतात. विवाहाच्या कायदेशीर मान्यतेवर जोडीदाराचा वारसा, जोडप्याने घेतलेले दत्तक, कुटुंब निवृत्तिवेतन अवलंबून असते. श्रीमंत मृत्युपत्र करून वाट काढील. गिरणीतल्या, झाडूखात्यातल्या कामगाराच्या जोडीदाराने काय करावे? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरले. पण कर्व्यांच्या मागे किती लोक आहेत, हे मोजून ते उभे राहिले नव्हते.

लेखकांना माझे सांगणे एवढेच की, आता मित्राला मारू नका; तिला मतदारयादीत आणा. आणि कार्यकर्त्यांना सांगणे असे की, पुढच्या निवडणुकीत उमेदवार हात जोडून वस्तीत येईल, तेव्हा पाणी आणि गटाराबरोबर हाही प्रश्न विचारा. उत्तर टाळले, तर ते टाळणेही लक्षात ठेवा.