सैरंध्रीचे रक्षण आणि रहस्यप्रधान प्रणयकादंबरी

पाठलागाने भयभीत झालेली स्त्री, तिच्या रक्षणार्थ नेमलेला अंगरक्षक आणि त्या दोघांत क्रमाक्रमाने निर्माण होणारी प्रीती, या सूत्रावर आधारलेली रहस्यप्रधान प्रणयकादंबरी पाश्चात्त्य लोकप्रिय वाङ्मयात रूढ झालेली आहे. १९९२ सालच्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटाने हे सूत्र भारतीय प्रेक्षकांच्याही परिचयाचे केले. पाठलाग करणारा कोण, या प्रश्नातच अशा कथांचे रहस्य सामान्यतः शोधले जाते. वस्तुतः त्यांचा गाभा निराळा आहे. पाठलाग करणारा आणि रक्षण करणारा हे दोघेही त्या स्त्रीवर अहोरात्र नजर ठेवतात. तिच्या जाण्यायेण्याच्या वेळा दोघांनाही ठाऊक असतात. मग एकाची नजर छळ आणि दुसऱ्याची आधार का ठरते? स्त्रीच्या संमतीवाचून या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही.

या प्रश्नाचा पूर्ण विचार महाभारताच्या विराटपर्वात आढळतो. सैरंध्री कीचकाला स्पष्ट नकार देते आणि आपले रक्षण गंधर्व करीत आहेत असे बजावते. भरसभेत तिला लाथ बसते, तरी राजा विराट न्याय देत नाही आणि कंकरूपातील युधिष्ठिर तिला धीर धरावयास सांगतो. तेव्हा रात्री पाकशाळेत जाऊन ती भीमाला जागे करते. नृत्यशाळेची योजना भीमाची असली, तरी कीचकाला तेथे येण्यास प्रवृत्त करते ती सैरंध्रीच. रक्षक तिने स्वतः निवडलेला आहे. कीचकाच्या मृत्यूनेही तिचे संकट टळत नाही. उपकीचक तिला त्याच्यासह जाळावयास नेतात, आणि त्यातून सुटल्यावर राजाच तिला नगर सोडावयास सांगवितो.

सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी या कथेवर ‘कीचकवध’ हे नाटक रचले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नाटकाचे सामर्थ्य या रूपकात आहे. परंतु सैरंध्री राष्ट्राचे प्रतीक झाली की तिचे व्यक्तिगत भय मागे पडते. ते पुन्हा केंद्रस्थानी आणण्याचे कार्य कादंबरीला करता येण्यासारखे आहे.

सांगलीपासून जवळच असलेल्या इचलकरंजीत अशी कादंबरी घडते असे कल्पिल्यास हे कार्य किती कठीण आहे ते ध्यानी येते. निःशब्द रात्र आणि मागून येणारी पावले ही या प्रकाराची नेहमीची सामग्री. यंत्रमागांच्या खडखडाटात पावलांची चाहूल लागावयाची कशी? कांड्या भरावयास जाणाऱ्या स्त्रीला पगारी अंगरक्षक परवडत नाही. तिच्या रक्षणाची जबाबदारी भाऊ वा शेजारी यांच्यावर येते, आणि ‘उद्यापासून कामावर जाऊ नकोस’ हे पहिले वाक्य बहुधा त्या रक्षकाच्याच तोंडून निघते. पाठलागाने जे साधले नसते ते अशा रक्षणाने साधते.

२०१३ साली भारतीय दंडसंहितेत समाविष्ट झालेल्या व २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात असलेल्या तरतुदीनुसार, स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यावरही पुनःपुन्हा तिच्या मागे जाणे वा संपर्क साधणे हा गुन्हा आहे. म्हणजे कायद्यानेही तिचा नकारच प्रमाण मानला आहे. प्रणयकादंबरीतील नायक मात्र पुष्कळदा नायिकेच्या नकाराकडे दुर्लक्ष करतो आणि लेखक त्यालाच प्रेमाची उत्कटता समजतो. तेथे रक्षक आणि कीचक यांतील अंतर नाहीसे होते. नायिकेने ‘आता रक्षण नको’ म्हटल्यावर नायक काय करतो, यावरच अशा कादंबरीचे मूल्य ठरविणे इष्ट होय.