विसाव्यावर उतरलेली सावली

आता पडद्यावर आहे ‘इजिप्तच्या वाटेवरचा विसावा’. रचना रुबेन्सची, लाकडात कोरली क्रिस्टोफेल येगरने, अँटवर्पला, साधारण १६३२ ते १६३६ या काळात. मरीयेच्या मांडीवर बाळ झोपलंय, योसेफही झोपलाय, मुलं कोकराशी खेळतायत, वर दाट झाडं. पहिल्या नजरेला आपल्याला काय वाटतं? सहलीला आलेलं कुटुंब!

पण ही माणसं पळून चालली आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठतो आणि ती रातोरात निघतात. वाटेतला विसावा मात्र तिथे नाही, तो नंतरच्या परंपरेने घातला. मग आपला प्रश्न असा, की ती भीती या चित्रात आहे कुठे? रुबेन्सने ती गाळलीच, असा आरोप सहज करता येईल.

उत्तरासाठी तंत्राकडे वळू. या चित्राच्या काही प्रती फक्त काळ्या रेषांच्या ठोकळ्यावरून छापल्या आहेत. काही प्रतींत त्याच्या जोडीला तपकिरी छटेचा दुसरा ठोकळा आहे. हाच किआरोस्क्यूरो वुडकट. उगो दा कार्पीने १५१६ मध्ये व्हेनिसकडे या पद्धतीचा हक्क मागितला होता. इटलीतल्या कितीतरी प्रिंटमध्ये आकार घडवतात त्या छटाच, रेषा नावापुरती असते. येगरचं उलट आहे. त्याचा रेषांचा ठोकळा एकटाच पुरेसा आहे. मग दुसरा ठोकळा ही नुसती सजावट का?

आम्हाला तसं वाटत नाही. नुसत्या रेषांच्या प्रतीत पांढरा कागद सगळीकडे सारखाच उघडा असतो, म्हणजे भर दुपार. छटेच्या प्रतीत पांढरं उरतं ते फक्त दुसऱ्या ठोकळ्यातलं लाकूड जिथे कोरून काढलंय तिथे. उजेड इथे रंगवलेला नाही, राखून ठेवलेला आहे. बाकी सगळ्यावर संध्याकाळ उतरते. आणि झोपलेल्या माणसांवर अंधार उतरू लागला, की आपल्या मनात येतंच, यांना पुन्हा निघायचंय कधी? भीती चेहऱ्यांवर नाही, ती वेळेत आहे.

याला आणखी एक आधार आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या रुबेन्सच्या याच विषयावरच्या रंगचित्रात भोवती संत आहेत, योद्धा संत जॉर्जसुद्धा. वुडकटमध्ये ते नाहीत. राखण करणारं कोणी उरलेलं नाही.

उणीवही सांगायला हवी. येगरची रेषा टाकाच्या फटकाऱ्यासारखी जोरकस आहे, त्यामुळे छटा तिच्यामागे दबते आणि संध्याकाळ पुरती गडद होत नाही. पण म्हणूनच हे प्रिंट कुठेही समोर आलं, तर आधी पाहा, प्रत एका ठोकळ्याची आहे की दोन. एकीत कुटुंब आराम करतंय, दुसरीत त्यांच्याकडे थोडाच वेळ उरलाय.