एकच पोथी, पंधरा नकला : मुद्रणसेवांच्या तौलनिक पृष्ठांविषयी

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या एका जुन्या लेखसंग्रहाचे पुनर्मुद्रण करावे असा विचार निघाला. प्रतींची गरज चाळीस-पन्नासांपलीकडे नव्हती. तेव्हा हजार प्रती छापून कपाटे भरण्यापेक्षा, मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणाऱ्या, म्हणजे ‘प्रिंट ऑन डिमांड’ पद्धतीच्या, एखाद्या सेवेचा आश्रय घ्यावा असे ठरले. चौकशीचे काम एका पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे सोपविले होते. त्याने एका संकेतस्थळावरील पंधरा पृष्ठे छापून आणली. सहा सेवांपैकी कोणत्याही दोन घेतल्या, तरी त्यांची तुलना करणारे एक स्वतंत्र पृष्ठ त्यांत होते. पंधरा पृष्ठांत कोठेही परस्परविरोध नव्हता. “पंधराही पृष्ठे एकच सांगतात, सर, मग शंकेला जागा कोठे राहिली?” असे त्याने विचारले. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला दिलेले थोडे विस्तृत उत्तर आहे.

पृष्ठे लक्षपूर्वक वाचली असता एक गमतीची गोष्ट दिसून आली. एका सेवेच्या पुस्तकाचा आकार ‘६ × ९ सेंटिमीटर’ असा दिला होता. खिशातल्या दैनंदिनीहूनही लहान असे पुस्तक कोणी छापीत नाही. ‘इंच’ हा शब्द लिहिणाराच्या हातून चुकला होता हे उघड आहे. परंतु ती सेवा ज्या पाच पृष्ठांवर आली होती त्या पाचही पृष्ठांवर हेच सेंटिमीटर होते. पाच माणसांनी पाच वेळा स्वतंत्रपणे नेमकी हीच चूक करणे संभवत नाही. म्हणजे मुळात कोष्टक एकच होते. प्रत्येक सेवेसाठी एक ओळ, प्रत्येक गुणासाठी एक स्तंभ. आणि वाक्यांच्या एका ठरीव साच्यात त्या कोष्टकातील घरे भरून संगणकाने पंधरा पृष्ठे काढली होती.

पाठचिकित्सेचा परिचय असलेल्या वाचकास ह्या युक्तिवादाचे नावीन्य वाटणार नाही. समान प्रमाद हे समान उगमाचे गमक असते, हे त्या शास्त्राचे पहिले सूत्र होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हस्तलिखितांची केवळ गणती केलेली नाही. ती शाखांनुसार लावलेली आहेत. डॉ. वि. सी. सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रस्तावनेत ह्या पद्धतीची जी मांडणी केली, तिचा व्यवहारातील अर्थ असा की, एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्यांचे मतैक्य हे एकाच साक्षीदाराचे बोलणे असते, आणि उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरा स्वतंत्रपणे एकाच पाठावर येतात तेव्हा त्या मतैक्यास खरे वजन येते. आमच्या विद्यार्थ्याने हे सूत्र परीक्षेत उत्तम लिहिले असते. समोर पोथी नसून छापील कागद होते, एवढ्यानेच तो ते विसरला.

येथे ह्या पद्धतीवर अन्याय होऊ नये म्हणून तिचे गुणही सांगितले पाहिजेत. तुलनेची पृष्ठे हाताने लिहावयाची म्हटले तर त्यांची संख्या फार वेगाने वाढते. सहा सेवांची पंधरा पृष्ठे होतात, दहा सेवांची पंचेचाळीस आणि वीस सेवांची एकशे नव्वद. दहांपैकी एकीने आपला दर बदलला की नऊ पृष्ठे दुरुस्त करावी लागतात, आणि त्यांतली दोन-तीन हमखास राहून जातात. ॲमेझॉनने आपली क्रिएटस्पेस ही सेवा २०१८ मध्ये केडीपी ह्या दुसऱ्या सेवेत विलीन केली, तेव्हा अशा दहा सेवांच्या यादीतील नऊ पृष्ठे एका दिवसात निरर्थक झाली असती. एका कोष्टकावर पृष्ठे उभी असतील तर एक ओळ काढली की काम संपते. एकच तथ्य अनेक ठिकाणी नोंदविले म्हणजे नोंदी परस्परांशी भांडू लागतात, ही अडचण एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसंचांच्या रचनेविषयी जो सिद्धान्त मांडला त्याच्या मुळाशी आहे. आणि प्रत्येक तथ्य एकाच जागी ठेवावे हा त्यातून निघालेला नियम सर्वथा योग्य आहे.

आमचा आक्षेप त्या नियमावर नाही. तो नियम पाळल्याने पृष्ठांमध्ये सुसंगती येते. सत्यता येतेच असे नाही. हाताने लिहिलेल्या पृष्ठांत विसंगती असे, आणि ती विसंगतीच वाचकाला सावध करी. एका पृष्ठावर इंच आणि दुसऱ्यावर सेंटिमीटर दिसले की तो थबके. सर्व पृष्ठे एका मुखाने बोलू लागली म्हणजे हा इशारा नाहीसा होतो. तेव्हा चिकित्सेचे जे काम पूर्वी वाचक पृष्ठापृष्ठांची गाठ घालून करीत असे, ते आता कोष्टक रचणाऱ्याने आधीच केले पाहिजे. ते बहुधा होत नाही, असे ह्या पंधरा पृष्ठांवरून दिसते.

सर्वात मोठा घोटाळा स्तंभांच्या शीर्षकांत असतो. ‘स्वामित्वधन’, म्हणजे रूढ शब्दात रॉयल्टी, हा स्तंभ घेऊ. कोष्टकात लुलूपुढे ८० टक्के आणि केडीपीपुढे ६० टक्के असे आकडे होते. दोन्ही आकडे त्या त्या सेवेच्या शर्तींत खरोखर आढळतात. परंतु केडीपीचे ६० टक्के हे पुस्तकाच्या छापील किमतीवर मोजले जातात आणि त्यातून छपाईचा खर्च वजा होतो. लुलूच्या स्वतःच्या दुकानातील विक्रीवरचे ८० टक्के हे छपाईचा खर्च आधी वजा करून उरलेल्या रकमेवर मोजले जातात. इनग्रॅमस्पार्कच्या बाबतीत तर टक्केवारी सेवेने ठरविलेलीच नसते. दुकानदारांना किती कमिशन द्यावयाचे ते प्रकाशक स्वतः ठरवितो आणि कमिशन, छपाईखर्च व सेवेचे इतर शुल्क जाऊन राहील ते त्याचे. पुस्तकाची किंमत २० डॉलर व छपाईचा खर्च सर्वत्र ५ डॉलर आहे असे केवळ उदाहरणादाखल धरू. लुलूकडून १२ डॉलर मिळतील, केडीपीकडून ७, आणि ५५ टक्के कमिशन दिल्यास, इतर शुल्क वगळता, इनग्रॅमस्पार्ककडून ४. म्हणजे छापील किमतीच्या अनुक्रमे ६०, ३५ आणि २० टक्के. कोष्टकातले ‘६०’ आणि हिशेबातले ‘६०’ हे दोन निरनिराळ्या सेवांच्या वाट्याला आले, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. शिवाय प्रत्यक्षात छपाईचा खर्च प्रत्येक सेवेचा वेगळा असतो, आणि पुस्तक कोणत्या दुकानात विकले जाणार हेही वेगळे असते.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, एका स्तंभाखाली तीन आकडे लिहिणे म्हणजे तीन पदे एकाच अर्थक्षेत्रात परस्परांच्या जागी येऊ शकतात असे प्रतिपादन करणे होय. शीर्षक हे नुसते नाव नसते; ती व्याख्या असते. ‘स्वामित्वधन’ असे लिहिणाऱ्याने ‘कशावर मोजलेले, काय वजा जाऊन, कोणत्या दुकानातील विक्रीवर’ हे सांगितले नाही, तर त्याने तुलना केलेली नाही. तीन सेवांच्या जाहिरातीतील तीन शब्द एका रांगेत बसविले, एवढेच. ही चूक साच्याला दुरुस्त करता येत नाही, कारण साच्यापर्यंत आकडा पोहोचतो तेव्हा त्याचा संदर्भ मागेच राहिलेला असतो.

तथ्ये बदलतात तेव्हा तर कधी कधी घरात मावेनाशी होतात. १० जून २०२५ पासून केडीपीने ठरावीक किमतीखालच्या छापील पुस्तकांसाठी ६० टक्क्यांचा दर ५० वर आणला. अमेरिकेच्या बाजारात ही मर्यादा ९.९९ डॉलर आहे. आता त्या घरात ‘६०’ लिहावे की ‘५०’? जे पूर्वी एका आकड्यात सांगता येत होते ते आता ‘जर-तर’ वाक्यातच सांगता येते. फरक किरकोळही नाही. ९ डॉलर किमतीच्या आणि ४ डॉलर छपाईखर्चाच्या पुस्तकावर लेखकाला पूर्वी १ डॉलर ४० सेंट उरत. आता ५० सेंट उरतात. आकड्यासाठी केलेल्या घरात नियम भरता येत नाही, म्हणून कोष्टक राखणारा मनुष्य जुना आकडा तसाच ठेवतो किंवा नवा टाकून मोकळा होतो. आणि दोन्ही प्रकारांत सर्व पृष्ठे एकमताने अर्धसत्य सांगू लागतात.

रिकाम्या घरांची कथा याहून सूक्ष्म आहे. ‘नाही’ ह्या एका शब्दाने तीन अर्थ झाकले जातात : ती सोय त्या सेवेत नाही, तो प्रश्न त्या सेवेला लागूच नाही, किंवा कोष्टककर्त्याने चौकशी केलेली नाही. ‘होय’ची स्थितीही फारशी बरी नसते. ॲमेझॉनने २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती व मल्याळम यांबरोबर मराठी ई-पुस्तकांसाठी केडीपी खुली केली. ‘मराठी : होय’ एवढेच कोष्टकात लिहिले, तर ते ई-पुस्तकाविषयी आहे की छापील पुस्तकाविषयी, याचा उलगडा होत नाही, आणि आमच्यासारख्या विभागाला नेमका तोच हवा असतो.

अशी पृष्ठे बहुतांशी इंग्रजीत असतात. ती मराठीत कशी होतील हे पाहावे म्हणून प्रस्तुत लेखकाने स्वतः एक साचा करून पाहिला. पहिली अडचण लिंगाची आली. कागद ‘चांगला’ असतो, बांधणी ‘चांगली’ आणि वितरण ‘चांगले’. स्तंभाचे नाव बदलताच विशेषण बदलावे लागते. त्यावर उपाय म्हणून अविकारी विशेषणे घेतली. तेव्हा कागद, बांधणी आणि वितरण ही सर्वच ‘उत्तम’ झाली, आणि ‘बरा’, ‘चांगला’, ‘फारच चांगला’ ह्या पायऱ्या व्याकरणाच्या सोयीपायी गळून पडल्या. ही अडचण थोड्या श्रमाने दूर करता येईल. दुसरी मात्र दूर झाली नाही. दोन वाक्ये जोडताना ‘आणि’ घालावे की ‘परंतु’? ‘छपाई महाग आहे, परंतु पुस्तक ग्रंथालयांपर्यंत पोहोचते’ हे वाक्य संशोधनग्रंथाच्या लेखकाला उद्देशून सार्थ आहे. घरातल्यांसाठी आजोबांच्या आठवणींच्या दहा प्रती काढू इच्छिणाऱ्याला त्यातला ‘परंतु’ काहीच सांगत नाही. हे अव्यय वाचकाच्या हेतूवर अवलंबून असते, आणि वाचकाचा हेतू कोष्टकात नसतो. तुलनेत जो निर्णय असतो तो नेमका ह्या अव्ययात असतो.

कोणी म्हणेल, आता भाषिक प्रतिमानांच्या साहाय्याने संगणक प्रत्येक पृष्ठावर निराळी, ओघवती वाक्ये लिहू शकतो. मग साच्याचा हा दोष कोठे राहिला? आम्हांस ह्या सुधारणेची अधिक धास्ती वाटते. साच्यातील वाक्ये ठोकळेबाज असतात, म्हणून त्यांचा समान उगम निदान ओळखू येतो. शब्दरचना पृष्ठागणिक बदलली आणि आकडे त्याच कोष्टकातून आले, तर एकच साक्षीदार पंधरा पोशाखांत न्यायालयात उभा राहील. गूगलने मार्च २०२४ मध्ये, वाचकाला विशेष काही न देता केवळ शोधातील क्रमांकासाठी घाऊक प्रमाणावर काढलेल्या पृष्ठांविरुद्ध धोरण जाहीर केले. ते आवश्यक होते. पण असे धोरण वाचकाची चिकित्सा वाचकाच्या वतीने करू शकत नाही.

तेव्हा अशी पृष्ठे रचणाऱ्यांकडून, आणि आपल्यापैकी अनेकांना पुढेमागे शब्दसूची, ग्रंथसूची किंवा बोलींच्या नोंदी अशाच रीतीने रचावयाच्या असल्याने आपणा सर्वांकडूनही, चार गोष्टींची अपेक्षा करणे रास्त ठरेल. प्रत्येक स्तंभाला व्याख्या असावी आणि ती पृष्ठावर दिसावी. प्रत्येक घराला नोंदीची तारीख व नोंदीचा आधार असावा. जेथे तथ्य सशर्त आहे तेथे घरात शर्तही मावली पाहिजे, आणि ‘नाही’, ‘लागू नाही’ व ‘माहीत नाही’ ही तीन वेगळी चिन्हे असली पाहिजेत. शेवटी, ‘परंतु’ माणसाने लिहावा. आणि पंचेचाळीस पृष्ठांवर तो लिहिणे शक्य नसेल, तर ज्या पाच-सहा जोड्यांत लोक खरोखरच अडखळतात तेवढीच पृष्ठे काढावीत.

विद्यार्थ्याने मग स्वतंत्र साक्षी गोळा केल्या. प्रत्येक सेवेच्या शर्तींचे मूळ पान त्याने वाचले, पूर्वी तेथून पुस्तक काढलेल्या दोघांचे हिशेब पाहिले, आणि आपल्या वहीत सहा ओळींचे नवे कोष्टक केले. त्यात त्याने सातवी ओळ घातली ती गावातल्याच एका मुद्रकाची, जो संगणकीय यंत्रावर थोड्या प्रतीही छापून देतो. पंधरा पृष्ठांत त्याचे नाव येणे शक्यच नव्हते, कारण त्या कोष्टकात त्याला ओळ नव्हती. लेखसंग्रहाच्या चाळीस प्रती त्याच्याकडूनच छापून घेतल्या. नवे कोष्टक, तारखा व आधार यांसह, विभागाच्या ग्रंथालयात ठेवले आहे. प्रबंध छापू इच्छिणाऱ्यांनी ते पाहावे आणि त्यातील एखादी नोंद जुनी झालेली आढळल्यास कळवावे.