भुतांची टूर आणि माझा लाडका हायपोथिसिस

आज पेपर नाही, एका टूरचं परीक्षण. कॉन्फरन्ससाठी एडिनबरोला गेले होते, तेव्हा एका रात्री जुन्या शहरातली भुतांची टूर केली. रॉयल माईलच्या गल्लीबोळांतून फिरवत शेवटी साउथ ब्रिजखालच्या तळघरांत नेतात. हा पूल १७८८ मध्ये खुला झाला. त्याला १९ कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यामुळे आज एकच उघडी दिसते. बाकीच्यांच्या पोटात दुकानं, गोदामं होती. पाणी झिरपू लागलं तसे व्यापारी निघून गेले आणि गरीब माणसं राहायला आली.

गाइडला गोष्ट रंगवता येते, यात वाद नाही. पण त्या माणसांच्या वाट्याला दोन वाक्यं आणि भुताला वीस मिनिटं! ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार पद्धतीची. एका खोलीत नेऊन तो म्हणाला, "इथे खूप जणांना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवतं." मग टॉर्च बंद. मग प्रश्न, "कुणाला काही जाणवलं का?" चार हात वर! आधी उत्तर सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचा. तुमची प्रश्नावली असं करत नाही ना, एकदा तपासा.

"सगळा मनावर बिंबवण्याचा खेळ," असा निष्कर्ष काढून मी निवांत झोपले. नंतर रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांचा २००३ चा पेपर वाचला. त्यांनी हीच तळघरं आणि इंग्लंडमधला हॅम्प्टन कोर्ट राजवाडा निवडला. लोकांना तिथे फिरवून, कुठे काय विचित्र जाणवलं ते नोंदवायला सांगितलं. ज्या जागा 'झपाटलेल्या' म्हणून प्रसिद्ध होत्या, तिथेच नोंदी जास्त आल्या. आणि लोकांना ती ख्याती आधी माहीत होती की नव्हती, याच्याशी त्याचा संबंध आढळला नाही! संबंध दिसला तो जागेचा आकार, उजेड, चुंबकीय क्षेत्रातले चढउतार अशा गोष्टींशी. तोही सहसंबंधच. लेखकांनी 'निदान काही अंशी' एवढाच दावा केला.

म्हणजे भूत सिद्ध झालं का? नाही. पण माझं स्पष्टीकरणही सिद्ध झालेलं नव्हतं. त्या खोलीत गाइडचे शब्द, अंधार, गारठा सगळं एकत्र होतं. कशामुळे किती हात वर झाले, हे तिथे वेगळं काढताच येत नाही. मला एक कारण दिसलं, आवडलं, आणि मी बाकीची शोधलीच नाहीत. गाइडने भूत गृहीत धरलं, मी त्याचं नसणं पुरेसं मानलं. त्या आठवड्यात थीसिसच्या ड्राफ्टमधली 'यामुळेच' असं म्हणणारी दोन वाक्यं मी खोडली. कंट्रोल नसताना लिहिली होती.

टूर जरूर करा. फक्त गाइड बोलायच्या आत, त्या खोलीत काय जाणवतंय ते वहीत लिहा. आणि स्वतःला काय वाटेल अशी अपेक्षा होती, तेही.