घसारा : एक रसग्रहण

यंत्राबरोबर जी माहितीपुस्तिका येते तिला आपल्याकडे कोणी साहित्य मानत नाही. हा पुस्तिकेवरही अन्याय आहे आणि साहित्यावरही. कवितासंग्रह समजला नाही म्हणून कोणाची बाग सुकल्याचे ऐकिवात नाही. पुस्तिका समजली नाही तर सुकते. मोठमोठ्या समीक्षकांनी टाकून दिलेले हे काम म्हणूनच मी, नुसता बी.कॉम. असलो तरी, हाती घेत आहे.

प्रस्तुत ग्रंथ माझ्या मेहुण्याच्या पॉवर टिलरचा. मेहुण्याची राहात्याला पेरूची बाग आहे आणि टिलर सोळा वर्षांचा आहे. दोन चाके, दोन लांब दांड्या आणि दांड्या धरून मागे चालणारा (खरे म्हणजे ओढला जाणारा) माणूस, असे हे यंत्र. जात मूळची जपानच्या भातखाचरांतली. १९६० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने ती आपल्याकडे बनू लागली, आणि दोन ओळींत ट्रॅक्टर शिरत नाही अशा बागांतून रुळली.

या उन्हाळ्यात टिलर रुसला. इंजिन जोरात फडफडे, पण पाती मातीत टेकली की चाके जागच्या जागी थांबत, आणि वर जळका वास. ज्यांना यंत्रातले कळत नाही त्यांनी बँक डोळ्यांपुढे आणावी : काउंटरवर माणूस आहे, संगणक चालू आहे, डोक्यावर पंखा फिरतो आहे, आणि रांग मात्र सरकत नाही. क्लच घसरतो म्हणजे नेमके हेच होते.

मेहुणा ग्रंथ घेऊन माझ्याकडे आला. "दाजी, तुम्ही कागदातली माणसं. बघा काय लिहिलंय."

बघितले. मुखपृष्ठावर इस्त्रीची पँट घातलेला एक गृहस्थ टिलरकडे पाहून हसतो आहे; बुटाला चिखलाचा थेंब नाही. पहिली तीस पाने यंत्राच्या कौतुकाची. क्लचवर दीड पान, त्यातले एक पान चित्राचे. चित्रात सगळे भाग एकमेकांपासून सुटे होऊन हवेत तरंगताहेत, प्रत्येकाच्या अंगावर आकडा. पुन्हा एकत्र कसे यायचे याचा पत्ता नाही. एकत्र कुटुंब फुटल्यावर वाटणीपत्रात नावे यावीत तसे सगळे. मजकुराचा सारांश असा : दांडीची ढिलाई नीट करा, तरीही घसरला तर झिजलेल्या पट्ट्या बदला, अधिक माहितीसाठी विक्रेत्याला भेटा.

माझा आक्षेप इथे आहे. पट्ट्या झिजल्या हे कळायचे कसे? लक्षण एक आणि संशयित अनेक. इंजिनाकडून क्लचच्या पुलीकडे जाणारे पट्टे सैल असतील, दांडीला मोकळी ढिलाईच उरली नसेल, पुलीच्या पोटातल्या पट्ट्या झिजल्या असतील, किंवा तेलाने माखल्या असतील. रहस्यकथाकाराने पहिल्याच पानावर खुन्याचे नाव सांगून टाकावे आणि पोलिसांकडे जा म्हणावे, तसा हा लेखक. नव्या यंत्राचा तो भाट आहे. जुन्या यंत्राशी त्याची ओळखच नाही.

आता मौखिक परंपरा पाहू. नगर जिल्ह्याला यंत्राचे वावडे नाही. रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून नगरात आहे, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आहे, आणि चालवणाऱ्याला क्लच दाबायलाच न लावणारी लूना १९७२ साली आणली ती नगरच्याच कायनेटिकने. पण मेहुण्याच्या टिलरला भेटला तो पत्र्याच्या शेडमधला एक मिस्त्री, आणि त्याने पान्याला हात लावण्याआधी खडूला लावला. क्लचच्या पुलीवर रेघ मारली, टिलर मातीत घातला आणि म्हणाला, "रेघेकडं बघा." पुली मंदावली असती तर दोष पट्ट्यांचा, म्हणजे बाहेरच्या रबरी पट्ट्यांचा. पुली गरगर फिरत होती आणि चाके उभी होती. म्हणजे चोर आत. दीड पानाला जे जमले नाही ते एका रेघेत झाले.

पुली उघडल्यावर आतून काळी भुकटी सांडली. मी वीस वर्षे घसारा लिहितो आहे. सरळरेषा पद्धतीचा लिहिला, घटत्या शिल्लकेचा लिहिला. आमचा घसारा ३१ मार्चला येतो, त्याला वास नसतो आणि हात काळे होत नाहीत. खरा घसारा मी त्या दिवशी चिमटीत धरून पाहिला. क्लचचा सारा धर्मच तो : इंजिन आणि चाक यांची गाठ पडेपर्यंत मध्ये राहून आपण झिजायचे. लग्न जुळवणाऱ्या मावशांची चप्पल झिजते तसे.

मिस्त्रीने लोखंडी चकत्या काचेवर ठेवून वाकल्यात का पाहिले, स्प्रिंगा ओळीने उभ्या करून उंची ताडली. मग एका पट्टीवरचे तेल बोटाने पुसून मेहुण्यापुढे धरले. "सील गळतंय. नुसत्या पट्ट्या घालशील तर आखाडात परत येशील. आन् वळताना बाजूचा क्लच दाबत जा, मोठा अर्धा धरून ठेवू नको." पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ही तीन वाक्ये मुखपृष्ठावर घालावीत आणि त्या पँटवाल्याला घरी पाठवावे.

वेळ मात्र बाका होता. पाऊस आठवड्यावर, आणि मेहुण्याचा टिलर भंगारात काढायचा विचार पक्का झालेला. नव्याला कर्ज आहे, अनुदानाची योजना आहे, रंगीत पत्रक आहे. पट्ट्यांचा संच आणि सील यांना पत्रक नाही. सोळा वर्षे मातीत राबलेल्या यंत्राची वहीतली किंमत जवळजवळ शून्य, आणि शून्याची दुरुस्ती कोण करतो?

इथे मला ज्याची शिफारस करायची आहे ते लिखाण गद्य आहे, रूक्ष आहे आणि आमच्याच खात्यातले आहे. किसान क्रेडिट कार्डाची २०१२ ची सुधारित योजना. तीत पीककर्जाच्या हिशेबावर वीस टक्के रक्कम शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरली आहे. वस्तू झिजते, माणूस ती दुरुस्त करतो आणि त्याला पैसे लागतात, एवढी साधी गोष्ट मी वाचलेल्या तिन्ही भाषांतल्या यंत्रवाङ्मयात फक्त या परिपत्रकाला ठाऊक आहे. अलंकार एकही नाही. समासात मी पेन्सिलीने 'वा' लिहिले.

मेहुण्याला ते कलम वाचून दाखवले. त्याने नीट ऐकले.

"दाजी, यात सील बसतं?"

"बसतं."

"आन् मिस्त्रीला चार वेळा चहा पाजला तो?"

तो पुढच्या दहा टक्क्यांत, घरखर्चात.