शर्करेची परीक्षा आणि घड्याळ

'विटकरी साका आला, म्हणजे साखर आहे' हे प्रयोगवह्यांतले लाडके वाक्य आम्हाला अजिबात मान्य नाही. रोहिणखेडच्या (जि. बुलढाणा) कोणत्याही घरातली चहाची साखर बेनेडिक्टच्या द्रावणात उकळून पाहा. निळा रंग तसाच राहील, कारण सुक्रोज क्षपणकारी नाही! उलट मधातले ग्लुकोज आणि दुधातले लॅक्टोज, दोन्ही साका देतात.

मग या दोघांना वेगळे कसे ओळखायचे? डॅनिश रसायनतज्ज्ञ बारफोड यांचे १८७३चे अभिकारक त्यासाठीच आहे. तेही तांब्याचेच, पण कॉपर ॲसिटेट सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवलेले. बेनेडिक्टचे द्रावण अल्कधर्मी असते. आम्लात मात्र क्षपण अवघड होते. म्हणून ग्लुकोजचा तांबडा साका उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत दिसतो, लॅक्टोज मागे राहते. नळी बराच वेळ तापत ठेवली तर लॅक्टोजही साका देते आणि सगळा निष्कर्ष फसतो.

वहीत मात्र 'कृती, निरीक्षण, अनुमान' असे तीन रकाने. वेळेला जागाच नाही. निरीक्षण तर बहुधा मार्गदर्शकातून उतरलेले. आमची सूचना एवढीच: चौथा रकाना आखा आणि दर मिनिटाला नळीतला रंग त्यात लिहायला सांगा.